शंभर धुण्यांचं कापड

३ नोव्हेंबर

एका पिशवीचा खरा खर्च असा: ओलं शेवाळ तीनशे ग्रॅम, गोडं पाणी एक बादली, सोडा चिमूटभर, ग्लिसरीन चमचाभर, ऊन दीड दिवसाचं आणि पाच माणसांची मेहनत, ज्यात आजपासून मीही धरलेला. एवढं होऊन जी पिशवी हाती आली तिच्यात मी कौतुकानं चार बटाटे घातले. दारापर्यंतही पोचलो नाही. बूड फाटलं आणि बटाटे गडगडत कढईवाल्या काकींच्या पायाशी गेले. काकींनी ते उचलले, पुसले आणि म्हणाल्या की मालक, पिशवी नाही तर नाही, संध्याकाळच्या भाजीची सोय झाली. सगळे हसले, मीही हसलो. पहिल्याच दिवशी माणसं आपल्याला तोंडावर हसली की समजावं, जागा मानवणार.

जागा आहेच तशी. समुद्राच्या कडेला लांबट शेड. एका टोकाला शेवाळ धुण्याच्या टाक्या, मधे कढई, दुसऱ्या टोकाला काचेच्या छपराचं वाळवणघर. त्याच्यावर माझ्या दोन खोल्या. खिडकीतून मागचं आवार दिसतं, तिथे बारा खड्डे ओळीनं खणलेत. ते कशाला, ते उद्या विचारतो.

बायको जाऊन सोळा महिने झाले. तीस वर्षं आमचं घर प्लास्टिकवर चाललं. खांद्यावर पोतं टाकून कचरा वेचण्यापासून सुरुवात केली, शेवटी जुन्या प्लास्टिकचे दाणे पाडणाऱ्या तीन मशिनी माझ्या होत्या. ती म्हणायची, अहो, तुम्ही नि मी जाऊ, पण तुमच्या पिशव्या इथेच राहतील, नातवंडांच्या नातवंडांना तुम्हाला नावं ठेवता यावीत म्हणून. एकदा तरी असं काही करा की काम झालं की गपचूप निघून जाईल. ती होती तोवर मनावर घेतलं नाही. आता मशिनी विकून हा बंद पडलेला कारखाना घेतला. तिची पेटी सोबत आणलीय. उघडलेली नाही.

मी शाळेत चौथीपर्यंतच गेलो, पण माझे कान बरंच शिकलेत. पाठीमागे कुणी पिशवी चुरगळली की ती दुधाची का औषधाची, न बघता सांगतो. माणसांचंही तसंच. एकदा कानात गेलेला आवाज मी विसरलो, असं आजवर झालेलं नाही. ती म्हणायची, तुमच्या कानांना वेगळं ताट वाढावं लागणार.

७ नोव्हेंबर

काम समजलं. शेवाळ तीनदा धुवायचं, सोड्यात शिजवायचं, गाळायचं. खाली जो चिकट रस उतरतो त्यात ग्लिसरीन घालून तो चौकटीवर ओतायचा, वर क्षाराचं पाणी शिंपडायचं, की तो साईसारखा धरतो. मग वाळवणघर. दिसायला काचेसारखं, हाताला ओल्या पानासारखं.

खड्ड्यांचं कोडं मोजणीवाल्या ताईंनी सोडवलं. या बाई सत्तावीस-अठ्ठावीसच्या, डोळ्यांवर जाड चष्मा, बोलणं वजनकाट्यासारखं, एक ग्रॅम जास्त नाही. प्रत्येक नव्या मालाचे बारा तुकडे बारा खड्ड्यांत पुरायचे. दर सातव्या दिवशी दोन खड्डे उघडून उरलेलं वजन करायचं. बेचाळिसाव्या दिवशी काट्यावर शून्य आलं तर प्रमाणपत्र. मी म्हटलं, ताई, शून्यासाठी एवढी धडपड करणारी माणसं मी पहिल्यांदा बघतोय. त्या म्हणाल्या की शून्य आणायला फार लागतं.

पण रसाला ताकद नाही. त्यावर काकींची पद्धत आहे. जुनं सुती कापड सोड्यात शिजवून, बडवून त्याचा लगदा करायचा आणि कढईमागे एक ओंजळ घालायचा. त्याचे तंतू रसाला आतून बांधून ठेवतात. नवं कापड चालत नाही, त्याच्या गाठी होतात. काकी म्हणाल्या की शंभर धुणी झालेलं हवं, अंगाला अंग लागून मऊ पडलेलं. असं कापड भंगारवाला आणून देतो. त्याचं पोतं मात्र अडीच महिन्यांपासून रिकामं आहे. आजकाल लोक सुती घालतच नाहीत, तो तरी काय करणार.

१२ नोव्हेंबर

तीन कढया वाया. काल साबणवाला येऊन गेला. गावातला मोठा कारखानदार आहे, त्याला साबणाच्या वड्यांसाठी वेष्टण हवंय. एक चांगला ताव घेऊन या, पुढची दोन वर्षं तुमची, असं म्हणाला. मी ताव त्याच्या हातात दिला, त्याचा उभा चुरा झाला. तो सभ्य माणूस, शिंकल्यासारखं करून हसू लपवलं.

संध्याकाळी पेटी उघडली. तिचे घरात घालायचे सुती कपडे, उशांचे अभ्रे, एक ओढणी जिला धुऊन धुऊन रंगच उरला नव्हता. शंभर कशाला, पाचशे धुणी झालेली. पेटीत ठेवून कसर लागण्यापेक्षा तिनं सांगितलेल्या कामाला लागलेले काय वाईट? तिनंच म्हटलं असतं की अहो, माणसाला द्यायला आवरत नाही तुम्हाला, निदान कढईला तरी द्या.

आज सकाळी काकींपुढे गाठोडं ठेवलं. त्यांनी बोटांनी चाचपून विचारलं की हे कुणाच्या अंगावरचं. मी म्हटलं, भंगारातलं, शहरातून मागवलं. का खोटं बोललो कोण जाणे. धंद्यात माल कुठून आला ते सांगायचं नसतं, ती सवय असेल. ओंजळ मात्र मी माझ्या हातानं घातली.

१५ नोव्हेंबर

ताव असा उतरला की काकीसुद्धा पदराला हात पुसून बघायला आल्या. हातात ओढला, ताणला, दुमडला. टिकला. चुरगळला तर कचकच नाही, फक्त कापडासारखी हलकी सळसळ. चाळीस ताव. सव्वीस साबणवाल्याला गेले, बारांचे तुकडे करून ताईंनी खड्ड्यांत पुरले, दोन मी ठेवून घेतले. साबणवाला तावाला हात लावून म्हणाला की यात काय घातलंत? मी म्हटलं, तीस वर्षांचा अनुभव. आणि जाता जाता बढाईही मारली, आमचा माल काम झालं की मागे काही म्हणजे काही ठेवत नाही.

१७ नोव्हेंबर

कसं लिहावं कळत नाही. माझे दोन ताव वाळवणघरात टांगलेत. भर दुपारी, काच तापली की ते ताणले जातात आणि आवाज करतात. सगळेच ताव करतात, टिकटिक. हे दोन टिकटिक करत नाहीत. आधी घसा साफ केल्यासारखं. दोनदा छोटं, मग एकदा मोठं. ती काही मागायच्या आधी असंच करायची. मग श्वास, वाक्याच्या शेवटी तोकडा पडणारा. मग केस विंचरताना ती गुणगुणायची ते, ज्याला चाल अशी नव्हतीच, तीन सूर वर, दोन खाली, आणि मधेच फणी अडकली की थांबणं.

मी स्टूल टाकून ऊन उतरेपर्यंत बसलो. कुणी विचारलं तर सांगितलं, वाळणं तपासतोय. सोळा महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवलो. रविवारी मुलीचा फोन येतो, तिला सांगितलं. दूर राहते, दवाखान्यात नोकरी करते. तिनं विचारलं की बाबा, झोप नीट लागते ना.

लागते गं. आता लागते.

२२ नोव्हेंबर

सातवा दिवस. दोन खड्डे उघडले. ताईंनी वजन केलं: एकोणीस टक्के गेलं. एवढ्या लवकर एवढं कुठल्याच मालाचं गेलेलं नाही. मी सगळ्यांना चहा पाजला.

दुपारी वाळवणघरात बसलो. घसा साफ झाला, श्वास आला. गुणगुणणं आलं नाही. ताव ताणलेलेच होते, ऊनही तेवढंच. म्हटलं, आपणच म्हणून बघू. तोंड उघडलं आणि तीन सूर वर का खाली, तेच आठवेना. हसू आलं. वय झालं.

२४ नोव्हेंबर

मुलीचा फोन. बोलता बोलता म्हणाली की आईनं भात करपवला की आपल्याला काय सांगायची, आठवतं ना बाबा. मी हो म्हटलं. तीच हसत सुटली, मीही तिच्याबरोबर हसलो. फोन ठेवल्यावर अर्धा तास बसलो. काय सांगायची?

साबणवाल्याचा निरोप: गिऱ्हाईकं खूश. वेष्टण काढायची गरजच नाही, वडीबरोबर नळाखाली धरलं की हातातच विरघळून जातं. एकेका तावातून शंभर वेष्टणं निघाली. गावात घरोघरी गेलाय म्हणे माल.

२९ नोव्हेंबर

चौदावा दिवस. चव्वेचाळीस टक्के गेलं.

आज सतरा तारखेचं पान वाचलं. दोनदा छोटं, एकदा मोठं असं मीच लिहिलंय. वाचताना ते दुसऱ्या कुणाच्या बायकोबद्दल लिहिल्यासारखं वाटलं. दुपारी ताव फक्त टिकटिकले.

काकींना खरं सांगितलं. गाठोडं भंगारातलं नव्हतं, तिचं होतं, ओंजळ माझी. काकींनी कढई ढवळणं थांबवलं नाही. म्हणाल्या की मालक, मी विचारलं होतं तुम्हाला. मग ढवळत ढवळतच सांगितलं. चार वर्षांपूर्वी कापड मिळेना, तेव्हा त्यांनी घरचे दोन सदरे घातले होते. ताव फार सुरेख उतरले. त्यांच्या घरात भिंतीवर एका वीस-बावीस वर्षांच्या मुलाचा फोटो आहे. शेजारणी म्हणतात तुमचाच, होडीवर गेला तो आला नाही, तुम्ही दोन वर्षं रडत होतात. शेजारणींना सगळं आठवतं. जो ओंजळ घालतो त्याच्याच डोक्यातून जातं. जसजसा माल विरतो, तसतसं.

मी विचारलं, काकी, मग तुम्हाला काय वाटतं? त्या म्हणाल्या की काही नाही. दुखत नाही हो. फोटोवरची धूळ पुसते मी रोज. पोरगा देखणा आहे.

मी बाहेर येऊन टाकीच्या कठड्यावर बसलो.

३० नोव्हेंबर

जे आहे ते आजच लिहून ठेवतो. ती डाव्या कुशीवर झोपायची. चहा बशीत ओतून प्यायची आणि कुणी आलं की कपात परत ओतायची. मी चौथी शिकलेला म्हणून तिच्या भावानं लग्न मोडायला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली होती की याला फार वाचता येत नसेल, ऐकता येतं. ऐकणारा कुठे मिळतो? शेवटचे आठ दिवस दवाखान्यात ती माझं बोट धरून होती, हात नाही, बोट. शेजारच्या पानावर तिचं नाव पन्नास वेळा लिहिलं.

साबणवाल्याकडे गेलो. ताव परत दे, वाटेल ते घे, म्हटलं. तो म्हणाला की काका, वापरलेला साबण परत कसा आणू? त्याच्या बेसिनवर वडी होती. त्यानं माझ्यादेखत हात धुतले. मी पाण्याकडे बघत राहिलो, ते खाली जाताना —

तो विचारत होता, तुम्हाला बरं नाही का.

१ डिसेंबर

उरलेले आठही खड्डे उपसले. हातानं. तुकडे जाळीच्या पिशव्यांत बुळबुळीत झालेले, बोट लावलं की तुटतात. सगळे घरात आणून ताटांत मांडले.

मोजणीवाल्या ताई धावत आल्या. आजवर त्यांचा आवाज कधी चढला नव्हता, आज चढला. माती हलवली, हवा लागली, की कुजणं चौपट होतं, हे तुम्हाला मी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. वाचवायचं होतं तर हात लावायचा नव्हता. मी म्हटलं, ताई, माझं माणूस आहे त्यात. त्यांनी चष्मा काढून पुसला. पुसतच राहिल्या. मग माझ्याबरोबर ताटं उन्हात ठेवली.

संध्याकाळपर्यंत ताटांत पाणी.

२ डिसेंबर

चहा बशीत ओतून कोण प्यायचं? परवाच लिहिलंय. लिहिलंय म्हणून माहीत आहे. दिसत नाही.

दोन ताव शिल्लक. एक दुकानातून प्लास्टिकची पिशवी आणून तिच्यात बंद केला, तोंड मेणबत्तीवर डागलं. माझं तीस वर्षांचं काम, निदान आज तरी कामाला —

दुसरा खिडकीशी. वारा कोरडा आहे.

४ डिसेंबर

पिशवीत आतून दव धरलं. पिशवी आतून पुरती कोरडी केली नव्हती, मला घाई झाली. काळे ठिपके. उघडू का नको — उघडला. हातात आला नाही.

आज दुपारी काहीतरी गेलं. काय ते कळत नाही. घरातला एक खांब कमी व्हावा आणि छप्पर तसंच राहावं, तसं. दुखत नाही. काकी म्हणाल्या तसं. दुखत नाही याचीच भीती —

५ डिसेंबर

मुलीला फोन केला. ये, म्हटलं. कशाला ते सांगता येईना. आईचं काही आहे का, असं ती विचारत होती. मी म्हटलं, तू ये.

शेवटचा ताव सदऱ्याच्या आत छातीशी ठेवलाय. तिथेच सुरक्षित. कान लावला की अजून श्वास — किंवा माझाच.

६ डिसेंबर

माझ्या घामानं. माझ्याच घामानं. सकाळी सदरा काढला तर छातीवर नुसता चिकटपणा. खरवडून काढायला गेलो. नखांत थोडं आलं. ते कागदावर ठेवलं. रडू नये म्हणून तोंड फिरवलं, पाणी पडलं तर —

पडलं.

७ डिसेंबर

शेजारच्या पानावर कुणाचं तरी नाव पन्नास वेळा लिहिलंय. अक्षर माझं.

मन शांत आहे. ऊन छान. काकींनी मऊ भात पाठवला. मोजणीवाल्या ताई दारात उभ्या राहिल्या, काही हवंय का विचारलं. मी म्हटलं, काही नको, प्रमाणपत्राचं काय झालं? खड्डे रिकामे आहेत म्हणे. म्हणजे शून्य. चांगलंच झालं की.

८ डिसेंबर

मुलगी आली. दारातच गळ्यात पडली. मोठी झालीय, डोळ्यांखाली काळं. तिनं ही वही वाचली, आधी उभ्यानं, मग खाली बसून. मी चहा ठेवला.

तिच्या मोबाइलवर एक जुना निरोप आहे. सांभाळून ठेवलाय म्हणाली, कुणाला ऐकवलेला नाही. तिनं लावला. एक बाई बोलते: अगं, तुझ्या बाबांना सांग, सगळ्या गावाच्या पिशव्या ओळखतात, मी स्वयंपाकघरातून हाक मारली की तेवढी ऐकू येत नाही. मग हसते.

मुलीनं तीनदा लावला. दर वेळी माझ्या तोंडाकडे बघते. मी डोळे मिटून, नीट कान देऊन ऐकलं. बाई पन्नाशीच्या आतबाहेरची. बोलण्याआधी घसा साफ करते. वाक्याच्या शेवटी श्वास तोकडा पडतो, छातीचं काही असावं, दाखवून घ्यायला हवं. तक्रार करते, पण रागावलेली नाही. ज्याच्याबद्दल बोलते त्याच्यावर जीव आहे. एवढं सगळं मी मुलीला सांगितलं. ती म्हणाली की बाबा, आणखी? मी म्हटलं, आणखी काही नाही.

हा आवाज मी आधी कधी ऐकलेला नाही. तरी तिला म्हटलं, अजून एकदा लाव गं, ऐकत राहावंसं —